संकल्पाला लागलेला हात
संत बहिणाबाई आणि गंगाधरपंत यांच्या संसाराची कथा

आज आश्विन शुद्ध प्रतिपदा. घटस्थापनेचा मंगल दिवस. देवघरासमोर शेतातली काळी माती पसरली जाईल, तीत सप्तधान्य पेरले जाईल, मधोमध पाण्याने भरलेला कलश बसेल आणि नऊ दिवस न विझणारा नंदादीप उजळेल. आमच्या पाथरीतील कुटुंबांना माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी आणि अंबाजोगाईची योगेश्वरी या माउलींची ओढ मोठी. ज्यांना जाणे शक्य नाही, ते घरच्या घटातच त्यांचे दर्शन घेतात.

या घटस्थापनेतील एका लहानशा विधीकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. यजमान संकल्प सोडतो, तेव्हा त्याची पत्नी त्याच्या उजव्या हाताला आपला हात लावते. मंत्र चालू असतात, घाईगर्दी असते, मुले मध्येच काही विचारत असतात. त्यामुळे या स्पर्शाकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. परंतु त्याचा अर्थ खोल आहे. धर्मकार्य एकट्याचे नाही, त्यात दोघांचा वाटा आहे, हे त्या हाताने सांगितले जाते. पूजा आटोपल्यावर हे दोन हात एकमेकांशी कसे वागतात, हा प्रश्न मात्र भटजी विचारीत नाहीत. तो ज्याचा त्याने आपल्या मनाला विचारावयाचा असतो.

हा प्रश्न ज्यांच्या आयुष्याने फार तीव्रतेने विचारला, त्या संत बहिणाबाईंची पुण्यतिथीही आजच. शके १६२२, म्हणजे इसवी सन १७०० च्या घटस्थापनेच्या दिवशी त्यांनी देह ठेवला. तुकोबारायांच्या या शिष्येचे चरित्र आज सांगावे, असे आम्हांस वाटले. खानदेशी बोलीतील गोड ओव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) या निराळ्या. आम्ही सांगत आहोत त्या त्यांच्या अडीचशे वर्षे आधीच्या, आपल्या मराठवाड्याच्याच मातीतील बहिणाबाई.

पाथरीचे नाव आज सर्वदूर पोहोचले आहे ते साईबाबांचे जन्मस्थान म्हणून असलेल्या श्रद्धेमुळे. साईबाबा फकीर, त्यांना घर नाही, दार नाही. आमच्याच परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईंनीही आपले सारे आयुष्य नामदेवांच्या घरी विठ्ठलाच्या चरणी वाहिले. त्यांचा स्वतःचा असा संसार नव्हता. अशा विरक्तांच्या कथा ऐकून आपल्यासारख्या गृहस्थांना कधीकधी वाटते, की चूल, मूल, शेत, नोकरी यांत गुंतलेल्यांना ही वाट कोठून सापडणार? बहिणाबाईंचे चरित्र या शंकेचे उत्तर आहे. त्यांना जे काही मिळाले ते संसारात राहून मिळाले. आणि तो संसारही सुखाने सुरू झालेला नव्हता.

तीन वर्षांची वधू

बहिणाबाईंचा जन्म १६२८ च्या सुमारास वेरूळच्या परिसरातील देवगाव येथे झाला. आज हे गाव देवगाव रंगारी म्हणून ओळखले जाते. वडील आऊजी कुलकर्णी, आई जानकी. पुष्कळ नवससायासांनी झालेली ही कन्या. गावचे कुलकर्णीपण घरात असल्याने खाऊनपिऊन सुखी असे ते घर होते.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बहिणेचे लग्न वयाच्या तिसऱ्या वर्षी झाले. वर शिवपूरचे, म्हणजे आजच्या वैजापूर तालुक्यातील शिऊरचे, गंगाधर पाठक. वय तीस. त्यांचा हा दुसरा विवाह होता. वेदपाठ आणि ज्योतिष यांत ते निष्णात होते आणि वैदिक म्हणून त्यांचा लौकिक होता. एकीकडे नीट बोलताही न येणारी बालिका आणि दुसरीकडे प्रौढ, विद्वान, आपल्या विद्येचा अभिमान बाळगणारा पुरुष, अशी ही जोडी. तीस वर्षांच्या माणसाला तीन वर्षांच्या मुलीचे मन कळावे अशी अपेक्षा त्या काळी कोणी करीत नसे, आणि मुलीला काही मन असते याचा विचारही कोणी करीत नसे. आज कायद्याने मुलीचे विवाहाचे वय किमान अठरा वर्षे ठरविलेले आहे. त्याआधीचा विवाह म्हणजे काय असते, हे समजून घ्यावयाचे असेल तर बहिणाबाईंचे बालपण डोळ्यांसमोर आणावे.

काही वर्षांतच आऊजींच्या घरावर संकट कोसळले. भाऊबंदकीच्या कलहात त्यांना गाव सोडण्याची वेळ आली. संकटात सासऱ्याच्या पाठीशी जावई उभे राहिले, ही गोष्ट गंगाधरपंतांच्या बाजूने नोंदवून ठेवली पाहिजे. ते मूळचे दुष्ट नव्हते. पुढे जे घडले ते वाचताना आम्हांस हीच गोष्ट अधिक विचार करावयास लावते. संकटाच्या वेळी सासरच्या माणसांसाठी घरदार सोडणारा माणूस स्वतःच्या पत्नीवर मात्र हात उगारू शकतो. बाहेर सज्जन आणि घरात कठोर, अशी माणसे त्या काळी होती तशी आजही आहेत.

हे कुटुंब गाव सोडून निघाले. पंढरपुरास पोहोचले, तेथे विठ्ठलाचे दर्शन घेतले, मग शिखर शिंगणापूरचा महादेव, तेथून रहिमतपूर आणि शेवटी कोल्हापूर, अशी त्यांची भ्रमंती झाली. भिक्षेवर आणि भिक्षुकीवर पोट भरत होते. बहिणेच्या कानांवर या वाटेवर नामस्मरण, कथा, कीर्तन पडत गेले. खेळण्याच्या वयातल्या मुलीचे खेळणे हरपले, पण त्या जागी हरिनामाची गोडी लागली.

कोल्हापूरची ओसरी

कोल्हापुरात बहिरंभट नावाच्या ब्राह्मणाने या कुटुंबाला आपल्या ओसरीवर आसरा दिला. बहिरंभटांना कोणीतरी एक कपिला गाय सवत्स दान दिली होती. ती त्यांनी गंगाधरपंतांना दिली. गायीचे वासरू बहिणेला असे लळा लावून बसले, की ती पाण्याला गेली की ते मागे, ती कथेला गेली की ते मागे. तिच्या हातचा घास मिळाल्यावाचून ते तोंड लावीत नसे. आईबाप जवळ असले तरी मनातले बोलावे असे कोणी नसलेल्या त्या मुलीला एक मुका सोबती मिळाला, असेच म्हणावे लागेल.

त्या वेळी जयरामस्वामी वडगावकर यांची कीर्तने कोल्हापुरात होत होती. बहिणा तेथे जात असे आणि वासरूही जात असे. एके दिवशी गर्दीत अडचण होते म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढले. ते बाहेर हंबरू लागले, इकडे बहिणा व्याकूळ झाली. जयरामस्वामींना हे समजले तेव्हा त्यांनी वासराला आत आणविले, आणि त्या मुक्या जीवाच्या आणि त्या मुलीच्या मस्तकावर हात ठेवला. सर्वांदेखत झालेल्या या कृपेची गावात चर्चा झाली.

ती चर्चा गंगाधरपंतांच्या कानी गेली. सांगणाऱ्याने ती कशी सांगितली असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. आपल्याला न विचारता, आपल्या पत्नीचे नाव चारचौघांत होते आहे, एका वैदिकाच्या घरची स्त्री कीर्तनात लोकांच्या कौतुकाचा विषय झाली आहे, हे त्यांना सहन झाले नाही. त्यांनी पत्नीला काही विचारले नाही. केस धरून ओढले आणि मारझोड केली. त्या किशोरवयीन मुलीला त्यांनी बांधून घातले. आईबाप पाहत होते, पण जावयापुढे त्यांचे काही चालले नाही. बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनात नमूद आहे, की ते पाहून गाय आणि वासरू यांनी चारापाणी सोडले. माणसांना जे कळले नाही ते जनावरांना कळले.

पुढे ते वासरू मरण पावले. बहिणेची शुद्ध हरपली. त्या अवस्थेत तिला तुकोबारायांचे दर्शन झाले, त्यांनी मस्तकी हात ठेवून मंत्र दिला, अशी तिची दृढ श्रद्धा. ज्यांना प्रत्यक्ष कधी पाहिले नव्हते, ज्यांचे अभंग तेवढे ऐकले होते, त्या देहूच्या तुकोबांना तिने आपले सद्गुरू मानले.

घर मोडण्याच्या कडेवर

आता संकट अधिकच गहिरे झाले. तुकोबा जातीने कुणबी वाणी, त्या काळच्या शास्त्र्यांच्या हिशेबी शूद्र. वैदिक ब्राह्मणाची पत्नी त्यांना गुरू मानते, लोक तिच्या दर्शनाला येतात, आणि आपण, जे खरे विद्वान, ते बाजूला राहतो! गंगाधरपंतांच्या मनात हा काटा रुतला. त्यात मत्सर होता, जातीचा अभिमान होता, आणि लोक काय म्हणतील ही भीतीही होती. त्यांनी पत्नीचा त्याग करून निघून जाण्याचे ठरविले.

बहिणाबाईंच्या मनाची त्या वेळची घालमेल त्यांच्याच अभंगांतून आपल्याला समजते. पती सोडून गेला तर आपण काय करावयाचे? भक्ती सोडावी तर प्राण जातो, पती सोडावा तर धर्म जातो. पतिसेवा हाच आपला धर्म, असे त्या मनाशी ठरवितात. त्याच वेळी अंतःकरणातील विठ्ठल काही जात नाही. स्त्रीजन्माच्या पराधीनतेबद्दलचा विषादही त्यांनी लपविला नाही.

येथे आम्हांस एक गोष्ट स्पष्टपणे सांगावीशी वाटते. पतिव्रताधर्मावरील बहिणाबाईंचे अभंग पुष्कळदा सुनांना आणि लेकींना सहनशीलतेचा पाठ म्हणून ऐकविले जातात. नवऱ्याने मारले तरी सोसावे, संतांनीसुद्धा सोसले, असा त्याचा अर्थ लावला जातो. हा अर्थ आम्हांस मान्य नाही. मार सोसण्यात बहिणाबाईंचे मोठेपण नव्हते. तो सोसणे त्यांना भाग पडले होते. मोठेपण याचे, की त्यांनी तो लपविला नाही. सतराव्या शतकातील एका स्त्रीने आपल्या पतीने आपल्याला मारले हे अभंगात लिहून ठेवले, आणि तेही कडवटपणा न ठेवता. त्यांनी ते झाकले असते तर गंगाधरपंतांमध्ये पुढे झालेला पालट किती मोठा होता, हे आपल्याला कधीच कळले नसते.

रुग्णशय्येवरचा पालट

निघून जाण्याचा निश्चय केलेले गंगाधरपंत निघू शकले नाहीत. त्यांना असाध्य वाटावा असा आजार झाला. अंगाची आग होत असे, औषधे चालत नव्हती. जवळजवळ महिनाभर ते अंथरुणाला खिळले होते. जिला टाकून जावयाचे ठरविले होते तीच पत्नी रात्रंदिवस उशाशी बसून सेवा करीत होती.

माणूस धडधाकट असतो तोवर त्याला वाटते, की घर आपल्यामुळे चालते. पाण्याच्या एका घोटासाठी दुसऱ्याकडे पाहावे लागते तेव्हा त्याला घराचा खरा आधार कोण ते समजते. अंथरुणावर पडल्या पडल्या गंगाधरपंतांनी प्रथमच आपल्या वागण्याकडे पाहिले. हे दुखणे म्हणजे आपण तुकोबांची आणि या निरपराध स्त्रीची केलेली निंदाच फळाला आली, असे त्यांना वाटू लागले. आत्मनिवेदनातील कथेप्रमाणे एका वृद्ध ब्राह्मणाने त्यांना दर्शन देऊन विचारले, की या पत्नीचा त्याग करतोस तो तिच्या कोणत्या अपराधासाठी? गंगाधरपंतांपाशी उत्तर नव्हते.

तो वृद्ध कोण होता याविषयी भाविकांच्या मनात संशय नाही. परंतु प्रश्न कोणी विचारला यापेक्षा तो विचारला गेला, हे आम्हांस अधिक महत्त्वाचे वाटते. मारण्यापूर्वी हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला असता, तर त्या वेळी उगारलेला हात खाली आला असता. पत्नीचा अपराध काय, हा साधा प्रश्न शेवटपर्यंत न विचारता आयुष्य काढणारे पती पुष्कळ असतात. गंगाधरपंतांना तो उशिरा का होईना ऐकू आला, आणि ऐकू आल्यावर त्यांनी तो टाळला नाही.

ते बरे झाले. अंतःकरण पालटले होते. पत्नी ज्यांना गुरू मानते त्यांच्या दर्शनाला आपणही जावयाचे, असे त्यांनी ठरविले. आईबाप, भाऊ आणि ती कपिला गाय यांना बरोबर घेऊन हे कुटुंब देहूच्या वाटेला लागले. आजवर पती पुढे आणि पत्नी मागे अशी जी वाट होती, ती या प्रवासात उलटी झाली. विद्वान वैदिक आपल्या अल्पवयीन पत्नीने दाखविलेल्या दिशेने चालू लागला. यात त्यांच्या विद्येला कमीपणा आला नाही. उलट ती विद्या येथे प्रथम कामी आली.

देहूतील परीक्षा

पश्चात्ताप झाला एवढ्याने संसार सुधारत नाही. पश्चात्तापाच्या दिवशी माणूस हळवा असतो. त्याची परीक्षा पुढे होते. गंगाधरपंतांची परीक्षा देहूत झाली.

देहूत मंबाजी नावाचे गोसावी होते. तुकोबांचा त्यांना अत्यंत मत्सर. हे ब्राह्मण कुटुंब आपल्याकडे न येता तुकोबांचे शिष्यत्व पत्करते, हे पाहून त्यांचा संताप झाला. त्यांनी या कुटुंबाला अनेक प्रकारे छळले. पुण्यास आपाजी गोसावी यांच्याकडे तुकोबांविरुद्ध तक्रारही केली. इतकेच नव्हे, तर बहिणाबाईंची गाय बांधून तिला मारले, आणि त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उमटले, अशी कथा प्रसिद्ध आहे.

कोल्हापुरात लोक काय म्हणतील या भीतीने गंगाधरपंतांनी पत्नीला मारले होते. देहूत लोक खरोखरच वाटेल ते बोलत होते, जातीबाहेर पडण्याचे भय समोर होते, आणि गंगाधरपंत पत्नीच्या बाजूने उभे होते. त्यांनी माघार घेतली नाही. तुझ्यामुळे ही वेळ आली, असे पत्नीला ऐकविल्याचे कोठे दिसत नाही. विठ्ठलमंदिराच्या आश्रयाने दोघे राहिले. कोंडाजी नावाच्या सद्गृहस्थांनी त्यांच्या अन्नाची सोय केली. आणि नित्य तुकोबांचे कीर्तन दोघांनी मिळून ऐकले. याच देहूत त्यांना काशीबाई ही कन्या झाली. पुढे विठोबा हा पुत्र झाला.

विवाहात सप्तपदी होते. सातवे पाऊल सख्याचे, म्हणजे मैत्रीचे असते, हे आपण सारे जाणतो. बहिणाबाईंचे लग्न देवगावला लागले, तेव्हा त्या अजाण बालिकेला कोणीतरी कडेवर घेऊनच ते सोपस्कार झाले असतील. आम्हांस वाटते, की त्यांचे सातवे पाऊल खऱ्या अर्थाने पडले ते देहूत.

तुकोबांच्या संसाराकडे पाहूनही या दांपत्याने काही शिकले असले पाहिजे. तुकोबांची पहिली पत्नी रखमाबाई दुष्काळात गेली होती. जिजाबाई घर ओढून नेत होत्या, आणि विरक्त पतीचा संसार करताना त्यांचा जीव मेटाकुटीला येत असे. घरात भांडणतंटा नसणे हे काही संतपणाचे लक्षण नव्हे. खऱ्या संताच्या घरीही रुसवेफुगवे असतात. आपल्या वागण्याने दुसऱ्याला काय सोसावे लागते हे पाहण्याची तयारी घरात आहे की नाही, यावर घराचे स्वास्थ्य ठरते.

शिऊरचा अखेरचा दिवस

१६५० मध्ये तुकोबांनी वैकुंठगमन केले. पुढे बहिणाबाईंचे वास्तव्य शिऊरला होते. अभंगरचना आणि नामस्मरण यांत त्यांचे आयुष्य गेले. ज्ञानदेवांनी पाया रचला आणि तुकोबा कळस झाले, हे वारकरी संप्रदायाचे मंदिराचे रूपक आज प्रत्येक दिंडीत ऐकू येते. ते बहिणाबाईंच्या नावावर आहे. सारा संप्रदाय एका इमारतीत सामावून पाहण्याची ही दृष्टी. घर कसे मोडते आणि कसे उभे राहते हे जिने स्वतः अनुभवले, तिला हे रूपक सुचावे यात नवल नाही.

अंतकाळ जवळ आला असे जाणवताच त्यांनी पुत्र विठोबास बोलावून घेतले. सुनेचे, रुक्मिणीचे, निधन झालेले, मुलगा दुःखात. त्याला त्यांनी आपल्या मागील बारा जन्मांची कथा सांगितली आणि शांतपणे निरोप घेतला. शिऊरला त्यांची समाधी आहे. त्यांचे आत्मचरित्रपर अभंग पुढे सातासमुद्रापलीकडेही गेले. जस्टिन ॲबट या अमेरिकन धर्मोपदेशकाने १९२९ मध्ये त्यांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, आणि मराठवाड्यातील एका गृहिणीचे आयुष्य जगाला वाचता आले.

आपल्या घरासाठी

शिऊर पाथरीपासून बरेच दूर आहे. पण वैजापूर तालुक्याच्या दक्षिणेकडून वाहणारी गोदावरीच पुढे पाथरी तालुक्यातील मुद्गलच्या बंधाऱ्यापाशी येते. पाणी एकच, माती एकच, आणि घरातले प्रश्नही फारसे निराळे नाहीत. म्हणून या चरित्रातून आम्हांस जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट कानाची. गंगाधरपंतांचा संसार प्रथम बिघडला तो दुसऱ्याने सांगितलेल्या गोष्टीमुळे. कोणी काही येऊन सांगितले तर आधी ती गोष्ट आपल्या माणसाला विचारावी, शांतपणे विचारावी, आणि उत्तर पुरते ऐकून घ्यावे. रागाच्या भरात विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसतो, तो निकाल असतो. राग आला असेल तर अंगणात जावे, तुळशीपाशी घटकाभर बसावे, पाणी प्यावे, आणि मग बोलावे.

दुसरी गोष्ट मत्सराची. पत्नीला मान मिळाला म्हणजे पतीचा मान कमी झाला, ही समजूत घराला आतून पोखरते. आज पत्नी नोकरी करते, बचतगट चालविते, गावच्या पंचायतीत निवडून येते, भजनी मंडळाची प्रमुख होते. तिचे नाव चारचौघांत घेतले जाते तेव्हा कोल्हापूरच्या ओसरीवरील गंगाधरपंत आपल्या मनात जागे होत नाहीत ना, हे प्रत्येक पतीने पाहावे. तसेच पतीचे एखादे काम, एखादा छंद, एखादी श्रद्धा पत्नीने हसण्यावारी नेऊ नये. दोघांचे देव एक असले तरी त्या देवाकडे जाण्याची वाट दोघांची निराळी असू शकते.

तिसरी गोष्ट हाताची. मारझोड ही संसारातील खाजगी बाब नाही आणि ती प्रारब्ध तर मुळीच नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी अधिनियमाने तो अपमान सोसणाऱ्या स्त्रीला संरक्षण मागण्याचा हक्क दिला आहे. १८१ या महिला साहाय्यवाणीवर तिला मदत मागता येते. बहिणाबाईंना असा कोणताही आधार नव्हता. त्यांच्या नावाचा जप करून आजच्या लेकीला मूकपणे सोसावयास सांगणे हा त्यांचा सन्मान नव्हे. अशी लेक माहेरच्या दाराशी आली तर दार उघडावे. तिला परत पाठविण्याची घाई करू नये. आणि ज्याच्या हातून असे घडले आहे त्याने जाणावे, की गंगाधरपंतांना दैवी दर्शन झाले आणि महिनाभराचे दुखणे सोसावे लागले, तेव्हा कोठे त्यांचे डोळे उघडले. आपण तेवढी वाट पाहण्याचे कारण नाही.

चौथी गोष्ट पश्चात्तापाची. चुकले असे नुसते म्हणून भागत नाही. गंगाधरपंत देहूला गेले, निंदा सोसली, पत्नीच्या बाजूने उभे राहिले, आणि वर्षानुवर्षे तसेच वागले. मोडलेला विश्वास एका दिवसात परत येत नाही. तो रोज थोडाथोडा परत द्यावा लागतो, आणि तो पुन्हा केव्हा स्वीकारावयाचा हे ज्याचा विश्वास मोडला त्यानेच ठरवावयाचे असते. बहिणाबाईंनी तो स्वीकारला. त्यांनी तो स्वीकारावा अशी सक्ती करण्याचा अधिकार मात्र कोणालाही नव्हता.

आणि शेवटची गोष्ट एकत्र बसण्याची. या दांपत्याला जोडले ते रोज मिळून ऐकलेल्या कीर्तनाने. आपल्या घरांतही दिवसाकाठी घटकाभर दोघांनी एकत्र बसावे. हरिपाठ म्हणावा, एखादी पोथी वाचावी, किंवा नुसते दिवसभरात काय झाले ते एकमेकांना सांगावे. दूरदर्शनचा संच आणि हातातील मोबाईल त्या घटकेपुरते बाजूला ठेवावेत. नऊ दिवस नंदादीपात तेल घालावयास आपण विसरत नाही. संसाराच्या दिव्यालाही तेल लागते, आणि ते लागते वर्षाचे सारे दिवस.

आज घटस्थापनेच्या वेळी संकल्प सोडाल, तेव्हा पत्नीचा हात आपल्या हाताला लागेल. क्षणभर थांबावे. या हाताने वर्षभरात घरासाठी काय केले ते आठवावे. या हाताला आपल्या हातून कधी दुःख झाले असेल तर मनातल्या मनात क्षमा मागावी, आणि पूजा आटोपल्यावर ती शब्दांनीही मागावी. घटात पेरलेले धान्य नवव्या दिवसापर्यंत हिरवे उगवून येईल. संसारात पेरलेल्या समजुतीला अंकुर फुटण्यास कदाचित अधिक दिवस लागतील. पण माती तीच आहे, आणि पाणी घालणारे हातही तेच आहेत.

देवी सर्व गृहस्थाश्रमांचे रक्षण करो, आणि शिऊरच्या त्या माउलीचे स्मरण प्रत्येक घरात सख्य नांदवो, अशी आजच्या मंगल दिनी जगदंबेच्या चरणी प्रार्थना करून आम्ही वाचकांचा निरोप घेतो.